हौजीचे लाल-हिरवे आकडे

आमच्या डायनिंग टेबलाच्या अर्ध्या भागावर जेवण असायचं आणि अर्ध्या भागावर नवऱ्याचं सोल्डरिंग. जेसल पार्कला राहायला आलो तेव्हा सहा जणांचं टेबल मी हौसेने घेतलं होतं, पण बसायचो दोघंच, तेही कोपऱ्यात.

त्या वर्षी यांनी शेंगेएवढ्या चिपमधून टीव्हीवर रंगीत चित्र काढायचं मनावर घेतलं. चिपच्या चार पायांना रेझिस्टर जोडायचे, तेवढ्यावर सगळे रंग येतात म्हणे.

“चारांत भागतं, तर बाकीचे पाय कशाला दिलेत?”

“बटणांना,” हे गंभीरपणे म्हणाले.

सोसायटीच्या सत्यनारायणानंतर हौजी असते. एक ते नव्वद आकडे टीव्हीवर लाल दिसतील आणि पुकारलेला आकडा हिरवा होईल, असं यांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं. आदल्या वर्षी यांनी बसवलेला, पाण्याची टाकी भरली की वाजणारा भोंगा नेमका कथेच्या चौथ्या अध्यायात सुरू झाला होता. त्यामुळे सेक्रेटरीकाकांनी हात जोडले. “भाईसाब, इस बार बजेगा तो नहीं ना?”

घरी आल्यावर हे मला म्हणाले, “या वेळी फसलं ना, तर टेबल मोकळं करतो. कायमचं.”

मी ते डायरीत लिहून घेतलं. खाली सामानाची यादी केली: वायर, अडॅप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड, चिकटपट्टी, हौजीची तिकिटं. ‘टीव्ही’पुढे लिहिलं, ‘सोसायटीच्या हॉलमध्ये आहे, न्यायला नको’, आणि बरोबरची खूण केली. घरच्या टीव्हीवर आकडे आठवडाभर झकास दिसत होते.

पूजेच्या दिवशी प्रसाद वाटून झाल्यावर यांनी हॉलमधल्या जुन्या टीव्हीला वायर लावली. चित्र आलं. नव्वदही आकडे करडे. पहिला आकडा पुकारला, यांनी बटण दाबलं, तोही करडाच राहिला.

“वहिनी, ह्यातला पुकारलेला कंचा?” शेजारच्या रत्नागिरीच्या काकूंनी विचारलं. “का मनातल्या मनात धरायचा?”

सगळे हसले. हे मात्र टीव्हीमागे वाकून वायरी हलवत बसले. कान लाल झाले होते. हॉलमध्ये तेवढाच रंग.

मी जाऊन हळूच विचारलं, “अहो, झालं काय?”

“चिपला ठेका देणारा क्रिस्टल जुन्या टेलिफोनमधून काढलेला. त्याच्यावर रंग येतात ते अमेरिकन पद्धतीचे. आपला नवा टीव्ही दोन्ही पद्धती ओळखतो. ह्याला फक्त आपल्याकडची कळते.” मग आणखी हळू म्हणाले, “जाऊ दे. पिशवीतून आकडे काढा म्हणावं. टेबल उद्या मोकळं करतो.”

उद्यापासून अख्खं टेबल माझंच होतं. गप्प राहायचं, एवढंच काम. पण एवढं वय झालेला माणूस टीव्हीमागून बाहेर यायला तयार नव्हता, आणि हॉलचा टीव्ही आधी लावून बघायचं माझ्या यादीत नव्हतं. खूण माझ्या हातची होती.

मी सेक्रेटरीकाकांकडे गेले. “काका, दो आदमी दीजिए. तीसरे माले से टीव्ही उतारना है.”

“भाभी, पूरा टीव्ही?”

“आधा चलेगा क्या?”

टीव्ही लिफ्टमध्ये मावेना, म्हणून दोघांनी जिन्याने उतरवला. पुढे मी, “सांभाळून, सांभाळून” करत. वायर लागली, आणि हॉलभर लाल आकडे उजळले. सात नंबर पुकारला, तो हिरवा झाला. काकूंनी टाळी वाजवली. “आता दिसतंय हो! मघाशी वाटलं, माझंच डोळं गेलं.”

फुल हाऊसही काकूंनाच लागलं.

घरी आल्यावर ताटं घेताना मी यांच्या क्रिस्टलच्या डब्या नेहमीच्या अर्ध्या भागात सरकवल्या. हे म्हणाले, “फसलं नाही ना, म्हणजे टेबल...”

“तुमचं अर्धं,” मी म्हटलं. “रेषा मी आखणार.”

डायरीत टीव्हीपुढची खूण खोडून लिहिलं: ‘घरचाच न्यावा. माणसं दोन.’