हरताळाखालच्या ओळी

लिंबायतच्या प्रमिलाबाई सकाळी सुरतेतल्या एका जुन्या ग्रंथभांडारात झाडलोट करायच्या आणि दुपारी घरी साड्यांवर टिक्या चिकटवायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. पोथ्यांत डोकं घालणार नाहीत, म्हणूनच भांडाराने त्यांना ठेवलं होतं.

शहाण्णव साली मगनभाई प्रोफेसर तिथे खास कॅमेरा आणि संगणक घेऊन आले. एका पोथीतल्या चार ओळींवर कुणीतरी हरताळाचा पिवळाजर्द लेप फासून अक्षरं झाकली होती. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात फोटो काढला की खालची शाई अंधूक उमटे. ती संगणकाने ओळखायची, तर आधी त्याला शिकवण्यासाठी हजारो तुटक्या अक्षरांचे फोटो सारख्याला सारखं लावून द्यायला हवे होते. विद्यार्थी हे काम करत, पण ते पडले विद्वान. जे असायला हवं तेच त्यांना दिसे.

एकदा टेबलावरून फोटो सांडले. प्रमिलाबाईंनी ते उचलले आणि टिक्या निवडाव्यात तसे गठ्ठे लावून ठेवले. एकही चूक नव्हती.

"बेन, तुम्हीच करा हे," मगनभाई म्हणाले.

"साहेब, माले वाचता येत नही."

"तेच तर पाहिजे!"

तीन महिने त्यांनी संगणकाला शिकवलं. एवढ्या अक्षरांत बसून आपण कोऱ्याच, हे मात्र त्यांना बोचू लागलं. मुलगी योगिता त्यांना गल्लीतल्या साक्षरता वर्गाला घेऊन गेली. आणि गठ्ठे बिघडले. रेघ पुसलेली असली, तरी प्रमिलाबाईंना आता तो 'म' वाटायचा.

मगनभाई काकुळतीला आले. "बेन, दोनच महिने वर्ग बंद ठेवा. विद्येचं काम आहे."

"माझंबी विद्येचंच आहे, साहेब," म्हणत त्यांनी झाडू उचलला.

तोवर संगणकाला पुरेसं येऊ लागलं होतं. दिवाळीच्या सुमारास त्याने चारही ओळी लावल्या. त्याआधी मगनभाईंनी दोन परिषदांत सांगून टाकलं होतं की हे दडपलेलं मत आहे, पंथातलं भांडण आहे. निघालं एवढंच की लेखनिकाने वरच्याच चार ओळी चुकून पुन्हा लिहिल्या होत्या.

प्रमिलाबाई कपाट पुसत होत्या. काय निघालं, त्यांनी विचारलं. मगनभाईंनी सांगितलं.

"माझंबी होतं तसं," त्या समजुतीने म्हणाल्या. "योगिता म्हणते, खोड आणि पुढे लिही."

मगनभाईंनी चष्मा काढून पुसला. त्या दडपलेल्या मतावरचा त्यांचा लेख एव्हाना चाळीस पानांचा झाला होता.