साडूंनी मोडलेला उपास

शरीर नावाच्या गोष्टीवर आमच्या थोरल्या साडूंइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडणार नाही. पवनीला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. तुमचंआमचं शरीर आपला कारभार आपण बघतं. तापलं की घाम काढतं, गारठलं की कुडकुडतं, पाणी कमी पडलं की तहान लावतं. साडूंना हा कारभार त्याच्यावर सोडवत नाही. जेवायला बोलावतात आणि पाटावर बसण्याआधी पाहुण्याच्या तोंडात थर्मामीटर खुपसतात. तहान लागायच्या आधी पाणी पितात, शेजारच्यालाही पाजतात. "तहान लागली म्हंजे शरीरानं तक्रार केली, भाऊ. तक्रार येऊ कायले द्याची?" साकोलीहून येताना त्यांनी मला इतकं पाजलं की कंडक्टरच्या हातापाया पडून बस थांबवावी लागली. मी झाडाआड उभा, आणि हे खिडकीतून सगळ्या प्रवाशांना सांगत होते, "मूत्रपिंड बराबर काम करून राहिले त्याईचे." त्यानंतर महिनाभर मी त्यांचा फोन उचलला नाही.

हे खूळ आलं ताईंच्या आजारापासून. ताई म्हणजे साडूंची बायको, माझी मोठी मेहुणी. त्यांना रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. साखर वाढण्यापेक्षा ती एकाएकी उतरण्याचा घोर जास्त. एकदा दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्या घामाने निथळल्या आणि बेशुद्ध होऊन पडल्या. तेव्हापासून साडूंचा कुणाच्याच शरीरावर भरवसा उरला नाही. ताईंना मात्र कुणी 'आजारी बाई' म्हटलेलं अजिबात खपत नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीचं लग्न झालं. आमच्याकडे कन्यादान होईपर्यंत मुलीच्या आईबापाने उपाशी राहायचं असतं. ताईंनी उपास धरला, आणि सकाळी सवयीने सुईही टोचून घेतली. सुईनंतर पोटात काही गेलं नाही तर साखर उतरते, म्हणून साडूंनी बाजूला नेऊन विनवलं. "लेकीच्या लग्नात मी खात बसू? लोक काय म्हणतीन?" एवढं बोलून ताई निघून गेल्या. वरात डीजेपुढे नाचत होती, मांडवाकडे यायचं काही नाव घेत नव्हती. बघता बघता ताईंचे हात थरथरायला लागले, शब्द अडखळायला लागले. तेवढ्यात साडू धपकन खुर्चीत बसले आणि वराकडच्या लोकांदेखत मोठ्याने म्हणाले, "मले चक्कर येऊन राहिली. साखरपाणी आना." अर्धा गिलास त्यांनी प्यायला आणि उरलेला ताईंपुढे धरला. "जोडीचा उपास हाये. माहा मोडला म्हंजे तुहाबी मोडला. आता काहून उपाशी राहून राहिली? पे."

ताई संतापल्या, पण चारचौघांत वाद नको म्हणून प्यायल्या. पडतील म्हणून मी साडूंचा हात धरला होता. हात कोरडा होता, आणि पकड माझ्यापेक्षा घट्ट.

आता कुठल्याही लग्नात नातेवाईक त्यांना विचारतात, "साखरपाणी आनू काय?" ताईही त्यांत सामील असतात. "लेकीसाठी एक दुपार निभली नाई याईच्यानं." साडू मान हलवतात, "नाई निभली बापा," आणि ताईंच्या ताटात भात पडला का ते बघतात. माझी फार चिडचिड होते. एकदा सगळं सांगून टाकावं असं वाटतं. पण ताई हसत असतात, हसता हसता जेवत असतात, आणि साडूंना त्यापलीकडे काही नको असतं.