बर्फातली विहीर

आमचा उल्हास म्हसवडकडचा. आता अमेरिकेत, सनीव्हेलला कॉम्प्युटरच्या चिपांच्या कंपनीत इंजिनिअर, पण माणूस अजून विहिरीतलाच. बाप विहिरी खणायचा. घरात जेवताना बोलणं चालायचं ते मुरमाचं आन् मांजऱ्या खडकाचं. चुलता विहीर खणतानाच दरडीखाली गेला. वर पक्कं दिसत होतं, खाली भुसभुशीत निघालं.

पन्नाशी उलटल्यावर गडी स्की शिकला. कशापायी? लेक आन्या सुट्टी लागली की डोंगरात पळायची, आन् तिच्याशी बोलायला दुसरी जागाच उरली नव्हती.

फेब्रुवारीत दोघं टाहो तळ्याच्या वरच्या डोंगरात गेले. दोघांच्या छातीवर बीकन; उतारावरचं बर्फ सुटून एक गाडला गेला तर दुसऱ्यानं हुडकायचं. रातभर पडून बर्फ पहाटं थांबलं होतं. झाडं उभ्या उभ्या पेंगत होती. धुक्यातनं ऊन दुधासारखं पाझरत होतं. आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटावा, इतकं गप्प.

आन्या डिसेंबरपास्नं ज्याची वाट बघत होती, तो उतार आला. त्यावर कालच्या माणसांच्या स्कीच्या रेघा अर्धवट बुजलेल्या.

"वाट पडलीया की," उल्हास म्हणाला. "माणसं गेली म्हंजे भ्या न्हाय."

गावाकडं हे खरंच असतंय.

"लेट्स गो, बाबा!"

चार पावलं टाकली आन् पायाखाली धप्प झालं. कणगीतलं धान्य खाली बसावं तसं. सगळं पांढरं जग एकदा शहारलं आन् पुन्हा झोपी गेलं.

"थांब, आन्या. मागं ये."

"बाबा, पीपल स्कीड इट. लुक!"

"चुलता गेला त्या विहिरीत आदल्या दिशी सात माणसं उतरून वर आलती."

उतारावरनं बाजूला होऊन उल्हासनं झाडीत फावडं चालवलं. छातीइतका खड्डा. वर नवं बर्फ, त्याखाली टणक थर आन् त्याच्याखाली नुसती साखर, दाणेदार, मूठ वळंना. मग खड्ड्याच्या कडेला बर्फाचाच एक खांब कापला, वर फावडं ठेवून टपल्या मारल्या. सातव्या टपलीला वरचा ठोकळा तव्यावरनं भाकरी सरकावी तसा अलगद पुढं आला. उतारबी असाच सुटायचा.

आन्यानं साखर चिमटीत धरून बघितली. "फाइन," म्हणाली, आन् स्की वळवून परतीला लागली.

वर कडी म्हणजे, झाडीतनं बघतात तर एक दाढीवाला त्याच उतारावरनं शीळ घालत, धुरळा उडवत खाली गेला. उतार हलला न्हाय.

"सी? नथिंग हॅपन्ड."

"बरं झालं की. त्याच्या घरी भाकरी वाट बघत असंल."

गाडी निम्म्या घाटात आली. काचेबाहेर पुन्हा बारीक बर्फ तरंगाय लागलं होतं.

"बाबा, त्या विहिरीला... पाणी लागलं?"

"लागलं. अजून पितात लोकं."

तिनं काचेवरची वाफ बाहीनं पुसली.

"नेक्स्ट टाइम खड्डा मी खणणार," म्हणाली. "तू बाजूला उभा राहा."