थंड भट्टीला नमस्कार

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी शिकायला आलो आहे त्या जर्मन शहरात पूर्वी पोलाद तयार व्हायचं. आता तो कारखाना बघायला लोक लांबून येतात. रविवारी मीही गेलो. गंजलेल्या भट्टीवर निळा प्रकाश सोडला होता आणि खाली मंडळी आइस्क्रीम खात फोटो काढत होती. मी मात्र नकळत बूट काढले, भट्टीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. कोल्हापूरजवळच्या फौंड्रीत माझे बाबा रोज असंच करतात आणि मगच भट्टी पेटवतात.

माहिती सांगणारे आजोबा तिथलेच जुने कामगार होते. ते हसले.

"बूट घाल बाळा, पाय गारठतील. ही विझून जमाना झाला."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. पण पाडली असती, तर नातवाला काय दाखवलं असतं?"

बाबांची फौंड्री बंद होणार, असं महिनाभर कानावर येत होतं, नक्की कोणी सांगत नव्हतं. तिथे तिकीट काढून कोण येईल? आणि आलंच कोणी, तर मला बरं वाटेल की राग येईल? अजूनही कळत नाही.

फाटकाबाहेर आलो आणि धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, फौंड्री बंद झाली. पण बाबांना अजून दोन महिने काम दिलंय."

"कसलं गं?"

"भट्टी मोडायचं."