हरलेल्यांचा बाक

बुद्धप्रियची आई निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडायची. एका खोलीच्या घरात तिला रडायला कोपरासुद्धा नव्हता. ते तो विसरला नाही. बेळगावच्या एका बड्या शाळेत टेनिसचा कोच झाल्यावर त्यानं कोर्टालगतच्या करंजाखाली एक बाक टाकला. हरलेल्या पोरानं तिथं बसावं, हवं तितकं रडावं आणि कुणी काही विचारू नये, एवढाच नियम.

पालकांना कप हवे होते. "सर, पोरं रडकी करायला लागलाय तुम्ही," म्हणायचे. शाळेला मात्र त्यात धंदा दिसला. फाटकावर 'खेळातून भावनिक आरोग्य' असा फलक लागला, त्यावर बुद्धप्रियचा हसरा फोटो. मग भावनिक आरोग्याचे कार्यक्रम घ्यायला जागा हवी म्हणून शाळेनं बाक उचलला आणि करंजाखाली स्टेज बांधलं. बुद्धप्रिय तावातावानं ऑफिसात भांडायला गेला आणि स्वतःच्या सत्काराचं निमंत्रण घेऊन बाहेर आला.

स्टेजच्या उद्घाटनाला सामनेही ठेवले होते. बुद्धप्रियला फेटा बांधला, शाल घातली. टाळ्या चालू असतानाच कंग्राळी गावची शर्वरी सामना हरून सवयीनं करंजाकडे आली. बाकाच्या जागी स्टेजवर खुर्चीत बसलेले सर बघून ती थबकली.

बुद्धप्रिय फेटा सावरत अर्धवट उठला. समोरचा माईक चालूच होता.

"काय झालं गं?"

शर्वरीनं सगळ्या पालकांकडे एकदा बघितलं, ओठ आवळले आणि फलकावरच्या फोटोसारखी हसली.

"काय न्हाय, सर. लई मजा आली."