खारवलेला हात

आमच्या घरात माफी मागायचं खातं माझ्याकडे आहे. आमटी खारट झाली तरी मीच माफी मागतो, आणि आमटी बायकोने केलेली असते. स्वभावाला औषध नाही म्हणतात, पण माझ्या बाबतीत थोडा दोष धंद्याचाही आहे. दाभोळच्या धक्क्याजवळ माझं जाळ्यांचं दुकान आहे. नायलॉनची जाळी, दोर, जाळी तरंगती ठेवणारे प्लॅस्टिकचे बोये. सकाळी किनाऱ्यावर फिरायला गेलो की वाळूत रुतलेले फाटक्या जाळ्यांचे तुकडे दिसतात. त्यातला हिरवा दिसला की मी ओळखतो, हा आपल्याकडचा. मग तो उपसून पिशवीत भरतो आणि घरी आणतो. परसात आता त्याचा चांगला ढीग झाला आहे.

"विकता ते विकता, वर परत घेऊन येता," बायको म्हणते. "असा दुकानदार जगात सापडायचा नाही."

म्हणून मुलीने प्रोजेक्टसाठी विरघळणारा रोबो करायला घेतला तेव्हा माझ्याइतका आनंद कुणालाच झाला नसेल. ती रत्नागिरीला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रोबो म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर लोखंडाचा माणूस उभा राहिला होता. एका शनिवारी ती घरी आली आणि तिने जेवणाचा डबा उघडला. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक हात. चार बोटं, शहाळ्यातल्या मलईसारखी मऊ आणि अर्धवट पारदर्शक. समुद्री शेवाळाची पावडर आणि ग्लिसरीन घोटून साच्यात ओतायचं, आणि कॅल्शियमच्या पाण्यात ठेवून घट्ट करायचं, असं तिने सांगितलं. बोटं आतून पोकळ होती. सिरिंजने नळीतून हवा भरली की ती हळूच आत वळायची, हवा काढली की सरळ व्हायची.

"याचा उपयोग काय गो?" बायकोने विचारलं.

"लोखंडी चिमट्यात चिरडतं ते उचलायला. नाजूक वस्तू."

"मग बोंबील उचलून दाखव."

ओला बोंबील माणसाच्या हातातही राहत नाही. पण त्या चार बोटांनी तो उचलला. बोंबील हवेत लोंबकळत राहिला.

"साफ करायला येतो का याला?" बायको म्हणाली. "नाहीतर उचलून काय उपयोग?"

मी मात्र वेगळंच विचारलं. जुना झाल्यावर हा विरघळणार तरी कसा? मुलगी म्हणाली, "समुद्रात पडला तर विरघळून जाईल, बाबा. शेवाळाचाच आहे. मागे काही राहणार नाही." मला अगदी भरून आलं. संध्याकाळी दुकानात जो येईल त्याला मी हे सांगितलं. होडी हाकणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलाने तोंडातलं पान सावरत उत्तर दिलं, "तसलंच जाळं करायला सांग तिला. दर पंधरवड्याला विरघळेल, दर पंधरवड्याला आम्ही तुझ्या दारात."

सोमवारी तिला हा हात बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे चालवून दाखवायचा होता. त्यांना पसंत पडला तर पुढचं काम करायला कॉलेज जागा आणि सामान देणार होतं. नाही पडला, तर वर्षभराची मेहनत कपाटात. म्हणून रविवारी सकाळी मायलेकी फेरीबोटीने खाडी ओलांडून हेदवीच्या गणपतीला गेल्या. जाताना मुलगी म्हणाली, "बाबा, हात फ्रिजमध्ये आहे. त्याला काही करू नका."

मी काहीच करणार नव्हतो. पण लाईट गेली.

पाऊस सरून ऊन तापायला लागलं होतं. दुपारी फ्रिज उघडला तर आत कोमट दमटपणा, आणि कसला तरी वास. डबा उघडून बघितलं तर फडकं बुळबुळीत लागलं. उद्या परीक्षा आणि आज हा नासायला लागला. आता, फ्रिज बंद पडला की आमच्याकडे हात कुठे जातो? मिठाच्या बरणीकडे. आई बांगडे खारवायची, सुरमई खारवायची, कैऱ्या, आवळे, सगळं. टिकवायचं असेल ते मिठात घालायचं, हे आमच्या घरात कुणी शिकवावं लागत नाही. मी बायकोची लोणच्याची काचेची बरणी घेतली, खडेमीठ घालून चांगलं जळजळीत खारं पाणी केलं, आणि लेकराला आंघोळ घालावी तशा हाताने तो हात त्यात सोडला. झाकण लावलं. वेळेवर सुचलं म्हणून स्वतःवरच खूश होत दुकानात गेलो.

संध्याकाळी परत येऊन बघतो तर बोटं भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगलेली. घाबरून उचलायला गेलो, तर हात वर आला आणि एक बोट खालीच राहिलं.

तेव्हा मला आठवलं. समुद्रात पडला तर विरघळतो. मीच गावभर सांगत फिरलो होतो. माझं सगळं आयुष्य या खाडीच्या तोंडाशी गेलं, घरात पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी माणसं, आणि समुद्राचं पाणी खारट असतं एवढंच नेमकं मी विसरलो होतो.

तेवढ्यात फेरीबोटीचा भोंगा झाला. मी बरणी छातीशी धरून धक्क्यावर धावलो. दोघी उतरायच्या आतच मी बोलायला लागलो.

"मी खारवला."

"काय खारवलात?" मुलगी म्हणाली.

"हात."

बायकोने बरणीत डोकावून पाहिलं. "अहो, बांगडा होता का तो?"

बरणी घेऊन मुलगी धक्क्याच्या कठड्यावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी माफी मागत राहिलो. शेवटी ती नाक पुसून म्हणाली, "बाबा, पुरे. पावडर थोडी उरलीय माझ्याकडे, साचाही आहे. चार बोटं नाही होणार. तीन होतील."

लाईट आली होती. ओट्यावर पातेलं ठेवून तिने मिश्रण कालवलं आणि पळी माझ्या हातात दिली. "हळू ढवळा. बुडबुडा राहिला तर तिथून हवा सुटेल. तुम्हाला काम दिलं नाही तर तुम्ही परत माफी मागाल." आयुष्यात कधी बासुंदीही मी इतकी जपून ढवळली नव्हती. साचा भरला, कॅल्शियमच्या पाण्यात बसला. जेवणं आम्ही लांबवली. बायकोने तळणीतून एक बोंबील मागे ठेवला होता.

नव्या हाताने तो धरला आणि सटकन ताटात टाकला. मुलगी पुन्हा वाकली. या वेळी तिने दोन बोटं खालून घेतली, एक वरून. सिरिंज दाबली. बोंबील वर आला आणि वरच राहिला.

"एवढं काय," बायको म्हणाली. "चिमूटभर मीठ घ्यायला तरी आपण कितीशी बोटं लावतो? तीनच. विचार बाबांना."

सोमवारी मुलगी नवा हात घेऊन गेली, आणि का कोण जाणे, बरणीही. दिवसभर दुकानात मला गिऱ्हाईकाचं बोलणं कळत नव्हतं. दोर मागितला तर बोया देत होतो. दुपारनंतर फोन आला.

"बाबा, बोंबील पडला नाही."

मी जाळ्यांच्या गठ्ठ्यावर बसलो. मग तिने पुढचं सांगितलं. एका परीक्षकांनी विचारलं, विरघळतो म्हणतेस, ते कशावरून? तिने बरणी टेबलावर ठेवली. तोवर आतल्या हाताची नुसती पेज झाली होती. हे कुणी केलं, तर म्हणाली, बाबांनी, टिकवायला. सगळे हसले. अर्थात तिने हेही प्रामाणिकपणे सांगितलं की बाबांचं पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारट होतं. खऱ्या समुद्रात जास्त वेळ लागेल आणि तो अजून मोजायचा आहे. "मग मोज, म्हणाले. जागा मिळाली, बाबा."

"तरी पण मला माफ—"

"बाबा!"

बायको दुकानात डबा घेऊन आली होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला. "ते सगळं चांगलं झालं गो बाय. माझी बरणी कधी आणतेस?"

बरणी पुढच्या शनिवारी आली. बायकोने ती घासून उन्हात वाळवली आणि लिंबाच्या फोडींनी भरली. मी मिठाचा डबा पुढे करत होतो, पण तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.