टेस्ट ड्राइव्हवर साखरपुड्याले

कधी कधी माणसाचं हसं होते, चालते. माहं एकाच दिवसात दोनदा झालं. सांगतो, पण चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी ऐकताना एकाच्या नाकात गेलता.

दिग्रसले माहं चष्म्याचं दुकान आहे, वरच घर. त्या दिवशी यवतमाळले बहिणीच्या पोरीचा साखरपुडा होता. मी सख्खा मामा. पोरगी पाहाले ते लोक आलते तवा मी तापानं पडून होतो. म्हणून मुलाकडच्यांनी मले पाह्यलंच नव्हतं. बहिणीनं बजावलं होतं, "दादा, या खेपेले तरी वेळेवर ये. मुलाचे वडील सारखे मामाले विचारून राह्यले."

भाचा गजू फोनवर म्हणे, "एसटीनं कायले येता मामा? मी भाड्याची गाडी पाठवतो. चांगली मोठी पाठवतो."

सकाळी मी अन् बायको सुनंदा कुलूप लावून रस्त्यावर उभे. तिच्या हातात अनारशाचा डबा. तेवढ्यात काळी गाडी आली. काय चमक होती म्हणता! मी तिच्या दारात पाहून केस नीट केले. आतून एक टायवाला माणूस उतरला. हात जोडून म्हणे, "नमस्कार. शेठजी ना?"

आता दिग्रसमधी शटर उघडणारा हरेक माणूस शेठच असते. मी म्हटलं, "हो."

त्यानं दार उघडलं. आम्ही मागं बसलो. सुनंदानं डबा सीटवर ठेवला, तसा त्याचा चेहरा जरासा उतरला.

"सर, कोणत्या रोडनं घेऊ?"

"कोणत्या म्हणजे? यवतमाळच्या. अन् जरा लवकर."

हे 'लवकर' माह्या अंगाशी आलं. दारव्हा रोडले लागताबरोबर त्यानं गाडी अशी पळवली का माही पाठ सीटले चिकटून गेली.

"अहो, याले सांगा ना," सुनंदा माहा हात धरून म्हणे.

"भाऊ, हळू."

त्यानं खाडकन ब्रेक दाबला. डबा खाली. "पाहिलं सर, ब्रेकिंग?" तो मोठ्या कौतुकानं म्हणे.

मले वाटलं, पहिल्यांदाच भाडं मारून राह्यला काय हा? मंग त्यानं कुठलंसं बटन दाबलं अन् माह्या पाठीत आतून कोणीतरी गुद्दे मारू लागलं. मी सुनंदाकडं पाह्यलं. ती माह्याकडं पाहून राह्यलती.

"मसाज आहे सर," तो म्हणे. "कम्फर्ट कसा वाटतोय? बाहेरचा आवाज येतोय का?"

"बाहेरचा नाही येत. तुमचाच येऊन राह्यला."

तो हसला. थोडं पुढं गेल्यावर त्यानं स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढले अन् मांडीवर ठेवले. "आता बघा सर, गाडी स्वतःच लाइन धरते." समोरून कापसाचा ट्रक येऊन राह्यलता. सुनंदानं डोळे मिटले. मी म्हटलं, "बाबा, तिनं काय धरायचं ते धरू दे, तू स्टेअरिंग धर."

त्यानं गाडी बाजूले घेतली, खाली उतरला, अन् माह्या बाजूचं दार उघडून म्हणे, "सर, आता तुम्ही चालवा."

माहं डोकं फिरलं. "गाडी भाड्यानं आम्ही केली, अन् चालवूही आम्हीच? मंग तू काय मागं बसून मसाज घेशीन?"

"पण सर, सगळे कस्टमर चालवूनच पाहतात."

"यवतमाळले पोचू दे, तुही तक्रारच करतो."

तो काही बोलणार, तर गाडीतले सगळे स्पीकर एकदम वाजले. त्याचा मॅनेजर. "अरे, कुठे आहेस? जिनिंगवाले शेठ केव्हाचे दारात उभे आहेत. डेमोची गाडी घेऊन गेलास कुठे?"

तेवढ्यात माहा फोन. गजू. "मामा, ड्रायव्हर तुमच्या घरापाशी उभा आहे. कुलूप आहे म्हणते."

सुनंदानं हळूच डबा उचलून मांडीवर घेतला. "म्हणजे हे आपली गाडी नाही?"

"मॅडम, ही अजून कोणाचीच नाही," तो रडवेला होऊन म्हणे. "विकायची आहे."

हे कापसाच्या जिनिंगवाले शेठ माह्या घरासमोरच राहतात. त्याईचा चष्मा माह्याचकडचा. आता याची नोकरी जाईन म्हणून मीच त्याईले फोन केला अन् सांगितलं, चूक माही आहे, याची नाही. शेठ हसतच सुटले. म्हणे, "थांबा तिथंच. तुमच्या भाड्याच्या गाडीत बसून मीच येतो. यवतमाळपर्यंत सोबतच जाऊ, माहीही पाहणी होऊन जाईन."

शेठ आले, भाड्याची गाडी परत पाठवली. पांढरा सफारी, अत्तराचा वास. "मले बसायचं मागंच असते, तर मागूनच पाहतो," म्हणत ते सुनंदाच्या बाजूले बसले. मी डबा घेऊन समोर.

हॉलवर पोचलो तर मुलाचे वडील दारातच वाट पाहून राह्यलते. मागचं दार उघडलं. शेठ उतरले, पाठोपाठ सुनंदा. बायाईनं "मामी आल्या" म्हणून तिले आत नेलं. अन् मुलाच्या वडिलानं शेठच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर शेला टाकला.

"अहो, मी तो नाही," शेठ म्हणून राह्यले.

"असं कसं मामाजी, मान तुमचाच आहे."

टायवाल्यालेही, मामाचा पोरगा समजून, हाताले धरून ओढलं. जाता जाता त्यानं माह्या हातात किल्ली देल्ली, "सर, एक मिनिट."

राह्यलो मी. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात डबा. मुलाच्या वडिलानं वळून पाह्यलं. "ड्रायव्हर भाऊ, गाडी रस्त्यात आहे, तिकडं लिंबाखाली लावा. तुमची जेवणाची सोय मागच्या बाजूले आहे."

तिथं काय सांगता, का मीच मामा आहे म्हणून? मागून डेकोरेशनचा टेम्पो हॉर्नवर हॉर्न देऊन राह्यलता. बसलो गपगुमान गाडीत. किल्ली घालाले छेदच सापडेना. एक बटन दाबलं, काच खाली गेली. दुसरं दाबलं, छत उघडलं. शेवटी टेम्पोवाला वैतागून उतरला, मले बाजूले सरकवलं, अन् दोन मिनिटात गाडी लिंबाखाली लावून देल्ली.

किल्ली परत देताना त्यानं मले खालून वर पाह्यलं अन् लय मायेनं विचारलं, "काका, नवीनच लागले काय शेठकडं?"